दोन आठवड्यांचा फरक

धाकटीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे तिनं सांगितलं ते ताटं पुसता पुसता, आणि त्याच वाक्यात तिला ते नकोत हेही सांगून टाकलं. दोन्ही गोष्टींसाठी तिनं आवाज वेगळा काढला नाही.

शनिवारची दुपार होती. आईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी होतो, आणि टेबलाखाली गुंडी, म्हणजे धाकटीची दोन वर्षांची लेक, पातेल्यांची झाकणं एकमेकांवर बसवून बघत होती. धाकटीचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळतो. त्याच्याशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"तू ठरवशील ते, म्हणाला. मग नेटवर्क गेलं."

"सोयीचं नेटवर्क आहे त्याचं." आईनं नळ बंद केला. "आणि कारण काय?"

"कारण विचारू नकोस, आई. कारण दिलं की लोक ते हातात घेऊन बघतात, पुरेसं मोठं आहे का म्हणून. मला नको आहे. खूप विचार करून नको आहे."

आईनं एक बशी आपटून ठेवली.

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, गोळ्यांनी घरच्या घरी होतं ना? आपल्या दवाखान्यात नऊ आठवड्यांपर्यंत देतात. त्यानंतर आत नेतात." 'आत' म्हणजे कुठे हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. गुंडीच्या बाळंतपणात वार पोटातच अडकली, भूल देऊन काढावी लागली, आणि धाकटी शुद्धीवर आली तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं. मूल जिवंत आहे की नाही हे सांगायला कुणीतरी येईपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरच्या हिरव्या दिव्याखालून जायचं म्हटलं तरी तिचे तळहात ओले होतात. तिला गोळ्याच हव्या होत्या. स्वतःच्या घरी, स्वतःच्या बिछान्यावर.

मी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. तिनं सांगितली. तेव्हापासूनचे दिवस मोजून मी त्यातून मनातल्या मनात चौदा वजा केले.

"सहा आठवडे," मी म्हणाले.

"सहाच? नक्की?"

"नक्की."

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि मग ओला फडका दोन्ही हातांनी पिळायला घेतला.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले मासे असतात. सकाळी दिवे लागले की ते अंडी घालतात. ती मी चिमटीएवढ्या नळीनं गोळा करते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि प्रत्येक बशीवर वय लिहिते. वय तासांत, फलनापासून. बारा वर्षं मी तेवढंच करते आहे. चोविसाव्या तासाच्या आसपास हृदयाची पहिली चुळबुळ दिसते. तिसऱ्या दिवशी पिल्लू अंड्याबाहेर पडतं. पाचव्या दिवशी ते स्वतःहून खायला लागतं, आणि आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या दिवसापासून आम्ही त्याला प्राणी धरतो. तोवर नोंदवहीत नुसती 'अंडी'.

हे मी आईला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्या दुपारी तिनं ते नेमकं बाहेर काढलं.

"तुमच्यात पाचव्या दिवशी जीव येतो ना गं?"

"जीव आधीपासूनच असतो, आई. अंडंही जिवंतच असतं. रेघ आम्ही मारतो, कामासाठी. कुठेतरी मारावी लागते."

"म्हणजे भूक लागली की जीव."

"मग आमचे जहाजावरचे साहेब दिवसातून सहा वेळा जन्माला येतात," धाकटी म्हणाली.

आईला हसू आलं, ते तिनं फडक्यात दडवलं. मग म्हणाली, "मला तुमचे तास कळत नाहीत. तुम्हा दोघींच्या वेळी पाळी चुकली त्या दिवसापासून मी जिना जपून उतरायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळवलंही नव्हतं. पण पाय आपोआप जपून पडायला लागले. माझ्यासाठी सुरुवात ती."

"मी धावत उतरते," धाकटी म्हणाली. हे ती टाकून बोलली नाही, हळू म्हणाली. "गुंडीच्या वेळी मीही जपून उतरत होते, आई. या वेळी मी वाट बघितली पाय जपून पडायची. नाही पडले."

सुरुवात कधी, या प्रश्नाचं माझ्याकडे एक उत्तर आहे, ते मी विद्यार्थ्यांना देते: निसर्गात रेघा नसतात, टप्पे असतात. ते खरंही आहे. पण ताटं पुसणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

म्हणून मी तिला उपयोगाचं काहीतरी सांगायला गेले. धाकटी तेव्हा बस चालवायला शिकत होती. पुढचा आठवडा सोडून त्यापुढच्या गुरुवारी तिची परीक्षा होती, भर रहदारीत, शेजारी परीक्षक बसवून. मी म्हणाले, "हातात तीन आठवडे आहेत. परीक्षा आधी उरकून घे. शुक्रवारी आपण दोघी जाऊ."

तिनं इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलाखालून गुंडीनंही एक सोडला.

त्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे न वळवता मोजमाप केलं, कागदावर आकडा लिहिला आणि चष्मा वर सरकवला.

"नऊ आठवडे सहा दिवस."

"आठ," मी म्हणाले. "आठही पूर्ण नाहीत."

"शेवटच्या पाळीची तारीख बरोबर सांगितलीये ना?"

"तारीख बरोबर आहे. पण फलन त्यानंतर चौदा दिवसांनी होतं, म्हणजे वय—"

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही काय करता?"

"माशांच्या अंड्यांवर काम करते."

"माशांना पाळी येत नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. एका जाणकारानं दुसऱ्याला चूक कुठे झाली ते दाखवावं तसं त्या म्हणाल्या. "आम्ही पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. फलन कधी झालं ते कुणाला नक्की ठाऊक नसतं, पाळी आठवते. जगभर तेच मोजतात. आणि गोळ्या आम्ही नऊ पूर्ण होईपर्यंतच देतो."

म्हणजे त्या शनिवारी आठ होते. हातात एक आठवडा होता, आणि तो माझ्या सांगण्यावरून आम्ही वळणं घेण्याच्या सरावात घालवला होता.

बाई पुढे बरंच काही सांगत होत्या. पूर्ण भूल लागतेच असं नाही. तेवढाच भाग बधिर करून जागेपणी करता येतं, सोबत घरचं एक माणूस थांबू शकतं, तेरा-चौदा मिनिटं लागतात. धाकटी मान हलवत होती. साडीच्या दुकानात कापड चाचपावं तसे तिनं तळहात ओढणीवर घासले. बुधवारची वेळ ठरली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं होतं आठ. गुंडीच्या वेळी तसंच मोजलं होतं की. पण तू सहा म्हणालीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बारा वर्षं तेच करतेस ना." थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि मला सहा हवेच होते, ताई. हवा तो आकडा कुणी दिला तर मी उलटतपासणी कशाला करू?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता नको. आत्ता मला राग येऊ दे."

गुंडी आईकडे होती. आम्ही दारातून आत शिरलो तेव्हा आई तिला पायांवर घालून झोपवत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: माझ्या मोजण्यात चूक झाली, दोन आठवड्यांची, गोळ्यांची मुदत गेली.

आईनं पाय हलवायचे थांबवले नाहीत. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"की आठ होते. तू सहा म्हणालीस तेव्हाच. कॅलेंडर समोरच होतं." तिनं गुंडीच्या कपाळावरचा केस बाजूला केला. "म्हटलं, राहू दे. दिवस गेले की मन बदलेल. मुदत गेली की विषयच संपेल."

माझी चूक ही चूक होती. हे काय होतं ते ठरवायला मला वेळ लागला असता, पण धाकटीला लागला नाही. ती इतक्या हळू बोलली की गुंडी जागीसुद्धा झाली नाही.

"विषय नाही संपला, आई. फक्त मला आत जावं लागणार. तू मला आत धाडलंस."

"हो," आई म्हणाली.

"तुला माझं पटत नाही, नको पटू दे. दिवसभर माझ्याशी भांड. कपबशा आपट. पण तू गप्प बसलीस. आपल्या घरात कुणी गप्प बसतं का?"

आईचे पाय थांबले. तिचे डोळे भरले, पण आवाज नीट होता. "वाद घातला असता तर हरले असते. म्हणून नाही घातला. चुकलं माझं. मत नाही म्हणत मी, मत माझं तेच आहे. गप्प बसणं चुकलं."

धाकटीनं झोपलेल्या गुंडीला खांद्यावर घेतलं आणि ती निघून गेली. पुढचे तीन दिवस तिनं आमच्यापैकी कुणाचा फोन उचलला नाही. आई रोज मला विचारायची, "जेवत असेल ना गं ती?" आणि मी रोज सांगायचे, "आई, तिला राग आलाय, भूक लागायची थांबलेली नाही." प्रयोगशाळेत मी एका बशीवर वय लिहिलं, पुसलं, पुन्हा तेच लिहिलं.

मंगळवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला, माझ्या नव्हे, आईच्या फोनवर. आईनं तो सवयीप्रमाणे मोठ्या आवाजावर टाकला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"उद्या अकराला. एकच माणूस आत चालतं. तू ये."

आई माझ्याकडे बघायला लागली. "ताई नको का? तिला यातलं कळतं—"

"ताई आत आली तर मिनिटं मोजत बसेल. तू ये. पण आत एक शब्द बोलायचा नाही. पाप नाही, पुण्य नाही, 'अजून विचार कर' नाही."

"हात धरला तर चालेल?"

पलीकडून धाकटी म्हणाली, "त्यासाठीच बोलावतेय."

बुधवारी मी बाहेर बसले, मांडीवर गुंडी आणि शेजारी तिघींच्या पिशव्या. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते मी बघितलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते. आत जाताना दाराशी धाकटी थबकली होती. वर हिरवा दिवा होता. तिनं तळहात पुसले, आई एक पाऊल मागेच उभी राहिली, तिला ढकललं नाही की थांबवलं नाही, आणि धाकटीनंच मागे हात लांब करून आईचा हात शोधला. मग दार बंद झालं.

नंतर आम्हाला विश्रांतीच्या खोलीत जाऊ दिलं. धाकटी एका अरुंद खाटेवर पडली होती. चेहरा उतरलेला होता, पण डोळे जागे होते, तिचे नेहमीचे. आई उशाशी उभी होती. तिच्या मनगटावर चार नखांच्या लालभडक खुणा होत्या.

"एक शब्द बोलली नाही," धाकटी मला म्हणाली. "शेवटपर्यंत. नर्सबाईंना वाटलं मुकी आहे. खुणा करून खुर्ची दाखवत होत्या."

"दुखलं?"

"थोडं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. आणि पूर्ण वेळ मला कळत होतं काय चाललंय. तेच हवं होतं मला."

गुंडीनं खाटेवर चढायचा प्रयत्न केला, मी तिला धरून ठेवलं. आई घसा साफ करत होती. बंदी उठली की नाही याचा तिला अंदाज येत नसावा.

"बोल आता," धाकटी म्हणाली. "नाहीतर फुटशील."

"माझं मत तेच आहे हं."

"माहीत आहे."

"रात्री मी त्या जिवासाठी हात जोडणार. तुझ्यासाठीही जोडणार. तुला चालो न चालो."

"जोड. माझ्यासाठी जरा जास्त वेळ जोड, कमरेतून कळ येतेय."

आई हसली, आणि मग तोंडावर पदर धरून थोडी रडली, आणि धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थांब म्हणाली नाही. मग म्हणाली, "पुढे कधी पुन्हा दिवस गेले, हवे असोत नको असोत, तर आठवडे मी तुला विचारणार. ताईला नाही."

"मी खरा आकडा सांगेन," आई म्हणाली. "मला काय हवंय ते त्यात न मिसळता. आणि मग भांडेन."

"चालेल."

"मोठ्यानं भांडेन."

"चालेल म्हटलं ना."

धाकटी खाटेवर एका अंगाला सरकली आणि मोकळ्या झालेल्या वीतभर जागेवर तिनं हात थोपटला. सकाळपासून उभी असलेली आई तिथे कशीबशी टेकली. गुंडी माझ्या हातातून निसटून दोघींच्या मधे घुसली. मला बसायला जागा उरली नाही. मी तिघींच्या पिशव्या सांभाळत दाराला टेकून उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला कसलाच हिशेब करावासा वाटला नाही.