हुल्डाबाईंची घंटा आणि माझी मोटर

जेवून आलो, व्हर्लननं बटण दाबलं. मका चढवायच्या पाइपाची मोटर घुमली, थरथरली आणि तिला बंद करत स्टार्टर खट्कन पडला. कालच्यासारखाच.

मोटर माझी. व्हर्लनची गेल्या साली जळली म्हणून शेजारधर्मानं दिली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला. ट्रॉल्यांत ओला मका, अन् उद्या रात्री बर्फ पडणार. त्याआधी मका पाइपातून कोठारात चढला नाही, त्याला पंख्याचं वारं लागलं नाही, तर वाफ धरून बुरशी येणार. नेब्रास्कात हे शेंबडं पोरही सांगेल.

स्टार्टर किती भाराला पडावा हे ठरवणाऱ्या चकतीला व्हर्लननं स्क्रूड्रायव्हर लावला. "ह्यो काटा बत्तीसवर नेतो. मग बघू कसा पडतोय."

त्याची बायको आर्डिथ ट्रॅक्टरवरून उतरली. "मोटरच्या पाटीवर तेवीस अँपिअर लिवलंय. गेल्या साली बी असाच वर नेलावतास अन् मोटर जाळलीस."

"ती मोटरच हलकी हुती."

"डोस्कं हलकं हुतं तुझं," मला राहवेना. "चकतीला हात लावशील तर मोटर सोडून घरी नेतो."

"ने की, लायल. जाताना मका माझ्या डोक्यावर वत."

"भांडू नका," आर्डिथ म्हणाली. "सकाळी झ्याक चालू हुतीय. जेवून आल्यावरच का पडतीय?"

मी पाइपाकडं पाहिलं. खालपासून वरपर्यंत मक्यानं गच्च. व्हर्लनच्या आईनं, हुल्डाबाईंनी, दुपारी घंटा वाजवली की या घरात हातातलं काम तिथंच थांबतं. व्हर्लन भरल्या पाइपानिशी बटण बंद करून जेवायला पळायचा, अन् परतल्यावर बिचाऱ्या मोटरला सगळा भार एकदम उचलावा लागायचा.

खालचं झाकण उघडून आम्ही मका हातानं उपसला. बोटं बधिर झाली. काटा तेवीसवरच ठेवून बटण दाबलं, मोटर सुरळीत चालली.

"उद्या घंटा वाजल्यावर?" आर्डिथनं विचारलं.

"आईला तू सांग."

"आई तुझी हाय."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मोटर माझी, म्हणून मीच गेलो. हुल्डाबाई बटाटे सोलत होत्या. पाइप रिकामा होईस्तोवर घंटा वाजवू नका, म्हटलं. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "माज्या सासूनं बी कधी घंटा उशिरा वाजिवली न्हाई."

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळली तरी घंटा वाजेना. आभाळ काळवंडलं होतं. आम्ही सारखे घराकडं बघत होतो. हुल्डाबाई कोट घालून दारात उभ्या, घंटेची दोरी हातात, डोळे पाइपाच्या तोंडावर. शेवटचे दाणे पडले, व्हर्लननं बटण बंद केलं, तेव्हा घंटा वाजली.

ताटातलं मांस पार करपलं होतं. व्हर्लननं आईकडं बघितलं.

"लायलची मोटर न्हाई ना करपली?" हुल्डाबाई म्हणाल्या. "मग गुमान खा."