फुसकं काडतूस

"मागे बघू नकोस," मी इवारला म्हटलं आणि त्याच्याकडे पाठ करून बंदुकीत काडतूस सरकवलं.

आमच्या कोडिॲक बेटावर नवी बंदूक आली की हात असाच पारखतात. एकाने भरायची, दुसऱ्याने झाडायची. भरणाऱ्याच्या खिशात खऱ्या काडतुसांत थोडी फुसकी, दारू नसलेली मिसळलेली असतात, आणि आत कोणतं गेलंय हे नेम धरणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. खरा बार उडाला की धक्क्यात सगळं झाकलं जातं. फुसकं निघालं की नुसतं टक्क होतं, आणि माणूस धक्क्याला मनातून बिचकलेला असेल तर नळी आपसूक खाली झुकते. लग्नाआधी इवारनेच मला हे शिकवलं. तेव्हा माझी नळी पेंगणाऱ्या कोंबडीसारखी मान टाकायची आणि तो पोट धरून हसायचा.

खडीच्या खाणीत आम्ही दोघंच होतो. बाळाला मी अनीसियाकडे ठेवलं होतं. अनीसिया म्हणजे लारियनची आई, आणि लारियन म्हणजे इवारचा जोडीदार. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना हे दोघे अस्वलांपर्यंत घेऊन जायचे. गेल्या पानगळीत एका पाहुण्याने अस्वल नुसतं जखमी केलं. ते संपवायला दोघे झुडपात शिरले, तर अस्वल उलटून लारियनवर आलं. इवारने बार टाकला, पण ते थांबलं नाही. पुढे दुसऱ्यांनी मारलं ते, पण त्याच्या अंगात इवारची गोळी शोधायला कुणी गेलं नाही.

गावाने सगळा दोष काडतुसाला दिला. तीनशे मॅग्नम हरणाला ठीक, अंगावर येणाऱ्या अस्वलाला हलकं पडतं. हातात त्याहून मोठं तीनशे पंचाहत्तर असतं तर पोरगा वाचला असता. बंदरावर हेच, दुकानात हेच, लारियनच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात सामन मासा भरलेला पेरोक वाढतानाही हेच. अनीसियासुद्धा तसंच म्हणाली आणि तिने इवारच्या पाठीवरून हात फिरवला. त्या एका समजुतीवर माझं घर हिवाळाभर उभं होतं. मी मात्र बघत होते. पातेल्याचं झाकण पडलं तरी तो दचकायचा. झाकणं मी फडक्यावर ठेवायला लागले, आणि का ठेवते हे त्याने कधी विचारलं नाही.

आता हंगाम तोंडावर आला होता. लारियनच्या जागी त्याचा धाकटा भाऊ मकार इवारबरोबर जाणार होता. म्हणून ही नवी तीनशे पंचाहत्तर.

दोन बार नीट गेले. तिसऱ्याला टक्क झालं आणि नळी हातभर समोरच्या मातीकडे वळली.

नवी आहे, वजनदार आहे, पहिल्यांदा असं होतंच, असं तो म्हणाला. मग जुनी तीनशे मागितली. ती त्याच्या खांद्याला वर्षानुवर्षं ओळखीची होती. मी फुसकं भरायला नको होतं का? पण मकारचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी भरलं.

नळी तशीच झुकली.

तो दस्त्याला गाल टेकून पडून राहिला. मी म्हटलं, हे त्या प्रसंगानंतर आलं असेल, इतक्या मोठ्या धक्क्यानंतर कुणालाही येईल.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी माती उडाली होती. अस्वलाच्या पुढ्यात. मी बघितली."

मी दोन्ही बंदुका गाडीत ठेवल्या. हे बाहेर पडलं तर त्याच्याबरोबर रानात कोण जाणार, आणि आम्हाला या गावात उंबऱ्याच्या आत कोण घेणार? आणि नाही पडलं, तर मकार त्याच्या शेजारी उभा राहणार. गाडीत मी दोन्ही बाजू मनात मांडत होते. एकही मला पेलत नव्हती.

वाटेत दूध घ्यायला डॉलीच्या दुकानात थांबलो, तर मकार तिथेच. समोर काडतुसांच्या दोन पेट्या, एकेका मापाची एकेक.

"आले बघ पंडित," डॉली म्हणाली. "यालाच विचार बाबा, सकाळपासून माझं डोकं खातोयस. नवरीसुद्धा इतकी पारखून कुणी आणली नसेल."

मकार हसला. तीनशे हाताला हलकं, दिवसभर वागवायला सोपं, पण आई म्हणते मोठंच घे, असं काहीसं त्याने सांगितलं. "तूच ठरव. तू म्हणशील ते."

एरवी इवार या विषयावर तासभर बोलला असता. गोळीचं वजन, वारा, हाड फुटणं, सगळं. मी त्याची बाही धरली. ओढायला धरली की आधाराला, मला सांगता येणार नाही.

"तीनशे पुरेसं होतं," तो म्हणाला.

डॉली काहीतरी चेष्टा करायला गेली आणि मध्येच थांबली.

"होतं?" मकारने विचारलं.

"हो. त्या दिवशी पुरेसं होतं."

मकारने त्याच्याकडे पाहिलं नाही. पेटीतून एक काडतूस काढून त्याने फळीवर उभं केलं आणि ते पडतंय का याची वाट बघत राहिला. ते पडलं नाही. मग ते पुन्हा जागेवर घालून, पेटीचं झाकण दाबून बसवून तो बाहेर गेला. त्याने दार ओढलं नव्हतं. समुद्राकडचा गार वारा आत येऊ लागला, पण आमच्यापैकी कुणी उठून ते लावलं नाही. डॉलीने दोन्ही पेट्या एकेक करून वरच्या कप्प्यात ठेवल्या, आणि इवार टोपी काढून, ती दोन्ही हातांत धरून, उघड्या दाराकडे तोंड करून उभा राहिला.