सात नंबरची माहेरपणाला गेली

सात नंबरच्या पिंजऱ्यात सहा पिल्लं झाली आणि आभाच्या पीएचडीला घाम फुटला.

त्या साली कापसाचा भाव एवढा पडला होता, की आमच्या कॉलेजच्या प्राणिघरातल्या कौसल्याबाई घरचा कापूस मूठमूठ आणून उंदरांच्या पिंजऱ्यांत टाकायच्या. "कोनाच्या तरी अंगाखाली जाऊ द्या जी," म्हणायच्या. उंदरांच्या जन्ममृत्यूची वही माझ्याकडे, त्यामुळे पिल्लांची बातमी आधी मला कळली.

आभाचं सगळं काम एका प्रथिनावर. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्याला. नराच्या शरीरात शुक्राणू घडत असताना कोणत्या जनुकानं कधी कामाला लागायचं, हे तो ठरवतो. आभानं हैदराबादहून आणलेल्या सहा नरांत तो नव्हताच; त्याचं जनुकच मोडलेलं होतं. त्यांचे शुक्राणू अर्ध्यावरच थांबायचे. गोल गोळी, शेपूट म्हणून फुटायचं नाही. वर्षभर प्रत्येकाच्या पिंजऱ्यात एकेक मादी ठेवून पाहिली, एकीलाही पिल्लू नाही. हे नर बाप होऊच शकत नाहीत, असं तिनं तीन वर्षं खपून लिहिलं होतं. परवा प्रबंध द्यायचा, आणि आज हे सहा लालबुंद साक्षीदार!

चारुदत्त सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी आभाला विचारलं, मला विचारलं, शेवटी कौसल्याबाईंना. बाई पदराचं टोक पिळायला लागल्या. पन्नाशीची बाई पदर पिळते तेव्हा माहिती पक्की असते.

"दिवाळी होती ना जी सर. वरीस झालं, बिचारीची कूस नाई उजवली. मॅडम रोज कार्डावर 'नाही, नाही' लिहून राह्यल्या. मले पाह्यवलं नाई. चार दिवस माहेरी धाडली."

"माहेरी?"

"तो कोपऱ्यातला पिंजरा नाई का, जिथून आनली होती तिले. मंग आनून सोडली सासरी."

कोपऱ्यात साधे, धडधाकट नर होते. मी बोटं मोजली. दिवाळीला तीन आठवडे झालेले. उंदरिणीचे गाभणपणाचे दिवसही तेवढेच.

"अहो बाई, माझी तीन वर्षं!" आभा रडायच्या बेतात.

"तुमाले त नराचं पाह्यचं होतं ना? तिच्या कुशीशी तुमाले काय करायचं?"

सर हसायलाच लागले. "आभा, मादी धड आहे हे आपण दाखवलंच नव्हतं. परीक्षकानं पहिला प्रश्न हाच विचारला असता."

पिल्लांची तपासणी झाली. त्या नराची असती, तर प्रत्येकात एक मोडकं जनुक आलं असतं. एकातही नव्हतं.

"पण एकीवर भागत नाही," सर म्हणाले. "प्रबंध महिनाभर पुढे. बाकीच्या पाच जणींनाही पाठवा."

"आता?" कौसल्याबाई म्हणाल्या. "दिवाळी त सरली. कोन्या सनाले धाडू?"

"प्रबंधाच्या," आभा म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

चौघींना मिळून एकतीस पिल्लं झाली, आभाचं 'बाप होऊ शकत नाही' जसंच्या तसं राहिलं. पाचवी मात्र गेली तशी परत आली. आभानं काळजीनं कारण विचारलं.

"काई नाई मॅडम," कौसल्याबाई म्हणाल्या, "एखादीले माहेरी निस्ता आराम पायजे असते."