जिन्यामागचं घर

आर-झिरो

नकाशाची प्रत्येक दुरुस्ती, म्हणजे रिव्हिजन, नव्या नंबराने निघते. ही पहिली, म्हणून झिरो.

भाईंदर पश्चिमेला, राई गावाच्या रस्त्यावरची चार मजली इमारत पाडून सात मजली बांधायची होती. नकाशा आला आर्किटेक्ट क्षितिजाच्या हातात, आणि त्याच इमारतीत तिचं माहेर. सोसायटीचा ठराव असा, की ज्याची आज जी बाजू, त्याला नव्या इमारतीतही तीच. म्हणजे आई-बाबांना वायव्य कोपरा, पश्चिमेचं ऊन. आज तिथे बाहेरच्या अंगाला जिना आहे. ऊन तो झेलतो, मागचं घर गार राहतं. म्हणून तर मजल्यावरच्या बायका दुपारी भाजी निवडायला तिच्या आईकडे, अनसूयाबाईंकडेच जमतात. नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या गोदूबाई जेवणं झाली की तापलेल्या घराचं दार ओढून घेतात ते इकडेच येतात.

स्ट्रक्चरल इंजिनिअर निकेतने जिना आणि लिफ्ट इमारतीच्या पोटात, एकाच पेटीत बसवली. कॉलम सरळ रांगेत, सळई कमीत कमी.

"बघ, किती शहाणी बिल्डिंग!"

"आणि पश्चिमेच्या भिंती?"

"त्यांना एसी."

आर-वन

क्षितिजाने जिना, लिफ्ट, सगळं उचलून पश्चिमेला लावलं. उन्हापुढे ढाल!

निकेत हसला. "सगळा ताठपणा एकाच अंगाला? भूकंपात बिल्डिंग गिरकी घेईल मॅडम. मग तिला सावरायला पूर्वेचे कॉलम जाड करा. त्या सिमेंटला, सळईला भट्टीत किती ऊर्जा लागते, मोजलीस? तुझ्या एसीची वाचलेली वीज ती भरून काढेपर्यंत आपण दोघं रिटायर."

तिने मोजलं. त्याचंच खरं होतं, याचा जास्त राग आला.

आर-टू

पश्चिमेला खोल बाल्कन्या. सावलीच सावली. आईला दाखवल्या.

"छान. इथे बाबांचा पलंग राहील," अनसूयाबाई म्हणाल्या. "स्लायडिंग लावून घेऊ."

"आई, ती उघडी ठेवायचीये."

"तू दहावीचा अभ्यास कुठे केलास गं? बाल्कनीतच ना?"

आर-टू रद्द.

आर-थ्री

पेटी फोडली. लिफ्ट एका कोपऱ्यात, जिना तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. गिरकीला दोन टोकांनी आवर. मधला पॅसेज आरपार, खाडीचा वारा शिरायला मोकळा.

निकेतने कॉम्प्युटरवर इमारत हलवून पाहिली. पुन्हा हलवली.

"चालतंय. सळई जरा वाढते, पण पचेल. जिना कुठे टाकू, वायव्येला की नैर्ऋत्येला? मला दोन्ही सारखेच. आज कॉलम फिक्स करतोय. नंतर ब्रह्मदेव आला तरी हलवणार नाही."

त्याला सारखेच. तिला?

जिना वायव्येला: आई-बाबा गारव्यात.

जिना नैर्ऋत्येला: गोदूबाई.

कुणी विचारलं नसतं. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: जिना आजही वायव्येलाच आहे.

तिने वर्षभराच्या उन्हाचा हिशोब मांडला. वायव्येची भिंत दुपारनंतर तापते. नैर्ऋत्येचा कोपरा पश्चिमेचं ऊन खातो, वर हिवाळाभर दक्षिणेचंही. जिन्याने तिथलं ऊन अडवलं तर सगळ्या इमारतीची वीज जास्त वाचते. फार नाही, पण जास्त. तिने आकडे बदलून पाहिले, भिंतीचा रंगही बदलून पाहिला. उत्तर हट्टाने तेच.

"नैर्ऋत्य," ती म्हणाली.

"तुझ्या आईचं घर तिकडेच ना?"

"नाही."

निकेतने तिच्याकडे पाहिलं. मग कॉलम पक्के केले.

आर-थ्री, स्वयंपाकघरात

गोदूबाई अनसूयाबाईंकडे गवार मोडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच सांगावं लागलं.

"म्हणजे जिना हिच्याकडे?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"हो. तुमच्या खिडक्यांवर छज्जे दिलेत. पण भिंत तापणार."

गोदूबाईंचे हात थांबले. "बाय माझे, तुझ्या हातात होतं ना गं?"

"होतं."

अनसूयाबाईंनी गवारीची एक शेंग उचलली, शीर काढली, ताटलीत टाकली. आणखी एक घेतली.

"गोदू, तुझा पंखा फार खडखडतो," त्या म्हणाल्या. "मला नाही चालायचं ते, दुपारी तुझ्याकडे आले की."

"नवा घेईन की."

"घेच."

त्या उठल्या, चहाचं आधण ठेवलं. दोनच कप. क्षितिजाला विचारलंसुद्धा नाही.