भुकेची वसुली

"कुनाचा इश्वास बसायचा न्हाय, पन धनेश शेटचा अख्खा रिसॉर्ट मी आज खाऊन आलो," चांगदेव भाकरी मोडता मोडता म्हणाला.

समोर त्याची नात प्राप्ती ताटाला हात न लावता बसली होती. मांडव्याच्या त्या रिसॉर्टात ती काउंटरवर असायची. एवढी जाड मुलगी दर्शनी भागात शोभत नाही म्हणून धनेशने तिला मागे भांडी धुवायला पाठवलं, तेव्हापासून पोरगी घरी नुसत्या चहावर होती. तिच्या पोटात दोन घास जावेत म्हणून चांगदेवचा जीव तुटत होता, आणि धनेशच्या नावाने हातही शिवशिवत होते.

गावातल्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, की गरोदर बाई उपाशी राहिली तर पोटातल्या पोराच्या जनुकांवर त्याच्या खुणा राहू शकतात. जनुकं तीच, पण त्यांचं वागणं बदलतं. अंग मिळेल ते साठवायला शिकतं, आणि ही खोड कदाचित त्या पोराच्या नातवंडांपर्यंतही उतरत असेल. नक्की काही सांगता येत नाही, असंही बाई म्हणाल्या होत्या. ते चांगदेवने सोयीने सोडून दिलं. मजुरी वाढवून मागितली म्हणून धनेशच्या आज्याने मिठागरावरच्या माणसांचं धान्य बंद केलं, तेव्हा चांगदेव आईच्या पोटात होता. म्हणजे प्राप्तीच्या अंगावरचं मांस धनेशच्याच घराण्याने चढवलेलं. त्याचा हिशेब तिथे मिटला होता.

"वाट्टेल तेवढं खा, अशी पाटी व्हती. मी मांडी घालून बसलो."

सुरमई संपली, कोलंबी संपली, मग त्याने भाताचं पातेलंच पुढ्यात ओढलं. मुंबईचे पाहुणे स्वतःचं जेवण सोडून बघायला उभे राहिले. आचारी रडकुंडीला आला. रेवदंड्याहून टेम्पोभर मासळी मागवली, तीही गेली. धनेश धावत आला तेव्हा चांगदेवने ढेकर देऊन त्याला ऐकवलं, की ही तुझ्या आज्याने दिलेली भूक आहे. माझं झालं, आता माझ्या आईचं वाढ.

प्राप्ती फिसकन हसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. चांगदेवला चेव चढला.

"मंग काय. समद्या पावण्यांच्या देखत शेटनी हात जोडलं. म्हनला, काका, चुकलो. पोरीला उद्यापासून काउंटरवर बसवतो."

प्राप्तीचा हात ताटातच थांबला.

"आजा, तू फाटकाच्या आत आलाच न्हायस," ती हळू आवाजात म्हणाली. "भांडी धुताना खिडकीतून समदं दिसतं. हात त्यानं न्हाय, तू जोडलंस."