सुजितरावांना पटलेला देव

सुजितरावांना देव पटला, त्याला आता दोनेक वर्षं झाली. त्याआधी तो त्यांना पटत नव्हता, आणि त्यावाचून देवाचं नेमकं कुठं अडलं होतं, हे उषाला अजून कळलेलं नव्हतं.

बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात सुजितराव सेफ्टी ऑफिसर. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, आणि एका रविवारी कॉलनीभर सांगत सुटले की देव आहे. वर 'पूर्ण विचारांती' असंही म्हणायचे. जसा काही विठोबा इतके दिवस कमरेवर हात ठेवून यांच्याच सहीसाठी ताटकळला होता! पटल्यापटल्या ते कॉलनीतल्या मंदिराच्या कमिटीचे अध्यक्षही झाले. देवाला एवढा मोठा पाठिंबा मिळाल्यावर त्याची व्यवस्था बघायला माणूस नको का?

उषा मूळची कराडकडची. नवऱ्याच्या, शिवाजीच्या नोकरीपायी इकडं आली तेव्हा तिला इथलं काहीच मानवलं नव्हतं. दारं लावली तरी घरात शिरणारा तो आंबट वास, शेजारी रोज बदलणारे भाडेकरू, नवरा कधी दिवसा झोपणार तर कधी रात्री. मग मंदिरात हरिनाम सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी बेटेगावचे विश्रामबुवा काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले. उषानं टाळ धरला, पोटभर रडली, आणि त्या रात्री बोईसरात पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. तेव्हापासून तिचं सगळं वर्ष त्या एका सकाळच्या आधारावर उभं होतं.

यंदाच्या फलकावर काल्याचं कीर्तनच नव्हतं. त्या जागी छापलं होतं, 'देव : एक सिद्धता. सचित्र व्याख्यान.' विश्रामबुवांचं नाव खाली, आभारात, मंडपवाल्याच्या शेजारी.

ती तडक सुजितरावांच्या दारात गेली. "काल्याला कीर्तन नाही?"

"वहिनी, बुवांचं तेच ते असतं हो. बाळकृष्ण लोणी खातो आणि बायका रडतात. रडण्यानं सिद्ध काय होतं?"

"सिद्ध करायचंय कुणाला?"

"इथंच तर आपण मागं राहिलो!" सुजितराव प्रसन्न हसले. "यंदा लोकांना आवडलं, की दरवर्षी हेच. कमिटीचं ठरलंय."

म्हणजे यंदा गेलं ते कायमचंच गेलं. उषा घरी आली आणि भांडी आदळत बसली.

काल्याच्या सकाळी ठाण्याचे वक्ते आले. त्यांच्यासाठी पांढरा पडदा लावायचा होता आणि गाभाऱ्याचं दार नेमकं मधोमध होतं, म्हणून तो गाभाऱ्यावरच लावला. विठोबा आत, त्याचा पुरावा बाहेर. वक्त्यांनी ऊर्जा काढली, अणू काढला, आकाशगंगा फिरवून दाखवली. प्रत्येक चित्रानंतर "म्हणजे काय सिद्ध झालं?" असं विचारून स्वतःच उत्तर द्यायचे. सकाळपासून उपाशी बसलेले लोक जांभया गिळत माना हलवत होते.

शिवाजीनं उषाला हळूच कोपरानं ढोसलं. "पटतंय का गं?"

"तुमच्याशी लग्न केलं ते काय पटवून घेऊन?"

व्याख्यान संपलं. देव आहे असं ठरलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात फाटकाबाहेर सेकंड शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला. सुजितराव कागदी कपांची चवड घेऊन लगबगीनं पुढं आले. "चला, काला वाटून टाका. कामावर जाणाऱ्यांना आधी."

काल्याची हंडी मंडपाच्या वाशाला टांगलेली होती आणि तिच्या दोरीचं टोक उषाच्या बाजूच्या खांबाला. ती उठली, खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"कीर्तन झाल्याशिवाय हंडी फुटत नाही."

"वहिनी, दही-पोहे आहेत ते. खाली यायला गुरुत्वाकर्षण पुरतं."

दोघंतिघं हसले. उषानं दोरी मनगटाला गुंडाळली. "मग बोलवा की त्या गुरुत्वाकर्षणाला. म्हणावं, ये, सोडव."

"उषा, बस जाईल," शिवाजी कुजबुजला. "रजा लागेल."

"लागू दे."

तोच बसचा ड्रायव्हर देवू, किनाऱ्यावरच्या घिवली गावचा, कावलेला आत आला. "ओ, चला ना! गाडी कवाची उभी हाय." मग त्याची नजर वर गेली. "काला नाय झाला अजून?"

"कीर्तनच नाही झालं," उषा म्हणाली.

"मंग इतका वेळ माइकवर कोन बोलत व्हता?"

"देव आहे, असं सांगत होते."

"त्यात सांगायचा काय?" देवूनं सुजितरावांकडे असं पाहिलं, जसं कुणी त्याला समुद्र ओला असल्याची बातमी द्यावी. त्यानं चपला काढल्या आणि पुढच्याच रांगेत मांडी घातली. "आयेला काला न्यायचाय. मी नाय हलवीत गाडी."

बस जात नाही म्हटल्यावर बसनं जाणारेही खाली बसले. सुजितराव कप धरून उभेच.

विश्रामबुवा मागं चपलांपाशी बसले होते. उषा तिथूनच ओरडली, "बुवा, उठा!"

"गळा बसलाय माउली. आन मला काय सिद्ध करता येत नाय."

"ते झालंय सगळं. तुम्ही गा."

बुवा उठले. कॉलनीतल्या धीरजनं पखवाजावर थाप टाकली. पहिल्या चरणातच बुवांचा आवाज फाटला, तर बायकांनी तो वरच्यावर उचलला. मग बुवा यमुनेकाठी गेले. गवळ्यांची पोरं शिदोऱ्या सोडतायत, कान्हा एकाच्या तोंडातला उष्टा घास ओढतोय, हे सांगता सांगता बुवांना स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू. पुढचं त्यांना सांगताच येईना. कुणाचं अडलंही नाही. मंडपभर टाळ वाजत होते, देवू मान खाली घालून डोळे पुसत होता. कुणीतरी पडदा गुंडाळला. उषानं दोरी सैल केली, बुवांनी काठी मारली, हंडी फुटली.

काल्याची रीत अशी, की समोर येईल त्याला आपल्या हातानं भरवायचं. उषानं मूठ भरली, वळली, तर समोर सुजितराव. त्यांनी कप पुढं केला.

"यात द्या."

उषाचा हात जागचा हलेना. याला? याला त्याची आकाशगंगा खाऊ दे की! असं वाटलं, आणि तिचा तिलाच राग आला. इतकं रडून झाल्यावर पोटात अजून हे शिल्लक राहिलंय?

"तोंड उघडा."

"वहिनी, हायजीनच्या दृष्टीनं..."

"उघडा म्हणते ना!"

सगळी मूठ आत. दही हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. सुजितराव बराच वेळ चावत राहिले. मग इकडंतिकडं बघत बारीक आवाजात म्हणाले, "आता?"

"आता मला."

त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत चार पोहे उचलले.

"औषध देताय का? मूठ भरा."

त्यांनी मूठ भरली. निम्मं तिच्या पदरावर सांडलं. भरल्या तोंडानंच उषानं विचारलं, "पुढच्या वर्षी काल्याला कोण?"

"विचार करून सांगतो," सुजितराव म्हणाले.

"आता आणि विचार कशाला?" म्हणत उषानं दुसरी मूठ त्यांच्या तोंडात कोंबली.