डावा स्पीकर

मेकॅनिकनं डाव्या स्पीकरचा शेवटचा स्क्रू काढला, जाळी बाजूला ठेवली आणि आत बॅटरीचा उजेड मारला.

"ताई, हा तर मेलेला आहे," तो म्हणाला. "आत वायरच जोडलेली नाही. गंज बघा किती चढलाय. बारा-तेरा वर्षांत हा बोललेला नाही."

"काहीतरीच काय! आमची अख्खी कंपनी याच्यावर उभी होती."

"मग उजव्यावर असेल," असं म्हणून त्यानं जाळी परत बसवली आणि आपली पिशवी उचलून तो निघून गेला.

ताई खुर्चीत बसूनच राहिली. रॅप गाण्यांची कंपनी तिनं याच खोलीत काढली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. गाणारे गल्लीतलेच, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या आणि नियम एकच: बाबांनी मान हलवल्याशिवाय गाणं बाहेर जाणार नाही. आणि बाबा तर ठार बहिरे. बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं हातोड्यांचे घाव ऐकून कान गेलेले. ते डाव्या स्पीकरवर तळहात ठेवायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि कधी मान हलवायचे, कधी नाही. ज्याला मान हलली ते गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. एकदा-दोनदा नाही, ओळीनं एकोणीस वेळा! एरवी कुणाच्या बापाला न भिणारे गाणारेसुद्धा त्या हातासमोर श्वास रोखून उभे राहत. ताईच्या अंगावर तर दर वेळी काटा यायचा.

मग कंपनी काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर गेली. तिथले स्पीकर भिंतीत बसवलेले, पण हा डावा तिनं बाबांसाठी मुद्दाम टेबलावर ठेवला. बाबा येत, हात ठेवत, मान हलवत. आणि गाणी एकामागून एक आपटत गेली. गाणारे पांगले, काल ऑफिसला कुलूप लागलं आणि हा स्पीकर परत या जुन्या खोलीत आला. उरलं एकच गाणं, शेवटपर्यंत तिच्याबरोबर थांबलेल्या, कावळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाणाऱ्याचं. ते बाहेर काढायचं की त्यानं दुसरीकडे काम बघायचं, हे विचारायला तो संध्याकाळी येणार होता.

बाबा आतल्या खोलीतून आले. त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून ती त्यांच्याकडे वळली.

"बाबा, हा स्पीकर बंदच होता. पहिल्यापासून."

"माहितीये की," बाबा नेहमीसारखे मोठ्यानं म्हणाले.

"मग तुम्हाला कळायचं कशावरून?"

बाबा जरा ओशाळले. "तुझ्या पायाच्या अंगठ्यावरून. गाणं आवडलं की तो आपोआप हलायचा. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

"आणि तिकडं, नवव्या मजल्यावर?"

"तिकडं तू बूट घालायचीस. एवढी माणसं आशेनं बघत उभी. नाही कसं म्हणू? हलवायचो मान."

हसावं की रडावं, तिला कळेना. त्या हाताला काय ऐकू येतं म्हणून ती इतकी वर्षं थक्क होत आली होती. आणि हा माणूस इतकी वर्षं तिच्या पायाकडे बघत बसला होता. ती आजही थक्कच झाली, पण आजचं थक्क होणं निराळं होतं.

"मला कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम हलवला असतास."

ताईनं ऑफिसच्या सवयीनं अजून पायात असलेले बूट काढले, मोजे काढले. कावळ्याचं गाणं लावलं. उजवा स्पीकर वाजू लागला. बाबांनी सवयीनं डाव्यावर हात ठेवला आणि डोळे अर्धवट मिटले. काही झालं तरी खाली बघायचं नाही, असं ठरवून ती त्यांच्याकडे पाहत राहिली. पहिलं कडवं संपलं. मान हलली नाही. दुसऱ्या कडव्यात कावळ्या मध्येच थांबला, त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा शब्द सोडले.

बाबांनी मान हलवली.

तेव्हा कुठं तिनं खाली पाहिलं.